बिनफीचा वकील

दिवाळं काढायलासुद्धा पैसे लागतात, हे सुलक्षणाला आधी कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. पण दिवाळी उलटल्यापासून जळगावच्या कोर्टाबाहेर तिच्या चपला झिजत होत्या, आणि जो भेटेल तो काळा कोट आधी फी सांगत होता, मग काय झालंय ते विचारत होता. अहो, बुडालेल्या माणसाकडे तेवढे पैसे असते तर तो बुडाला कशाला असता? पण हे म्हणायचं कुणाला? अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथं तर प्रत्येक गाढवाला वेगळे पाय आणि वेगळी फी.

तिचा नवरा भूपेंद्र प्लास्टिकच्या चटया विणायचा. एमआयडीसीत भाड्याचा गाळा आणि दोन मशिनं. चार वर्षं बरी गेली, मग धंदा बसला. मशिनं बँकेनं उचलून नेली, गाळा मालकानं रिकामा करून घेतला. आता भूपेंद्र त्याच एमआयडीसीत दुसऱ्याच्या चटईच्या कारखान्यात फोरमन होता आणि त्या पगारावर घर चाललं होतं. उरला होता धुळ्याचा एक व्यापारी. प्लास्टिकचा दाणा तो उधार द्यायचा. त्यानं दावा लावला, भूपेंद्र लाजेपोटी एकदाही तारखेला गेला नाही, आणि निकाल परस्पर लागून गेला. आता व्यापाऱ्यानं अर्ज टाकला होता, पैसे देत नसेल तर याला दिवाणी तुरुंगात घाला. कारखान्याच्या मालकानं भूपेंद्रला तोंडावर सांगितलं होतं, "भाऊ, तू चांगला आहेस, पण मशीन बिनमाणसाचं ठेवून मी तुझी वाट बघणार नाही." म्हणजे हा आत गेला की पगार गेला, आणि पगार गेला की चूल गेली. इतकं साधं होतं ते.

यातून वाट एकच होती. नादारीचा अर्ज. माझ्याकडे काही उरलं नाही, जे आहे ते घ्या आणि ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांना सारखं वाटा, असं कोर्टाला सांगायचं. कोर्टाला पटलं तर अटकेपासून संरक्षण मिळतं. एवढं सुलक्षणाला कळलं होतं. पण तो अर्ज लिहिणारा वकील काही सापडत नव्हता.

पहिला भेटला तो कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसणारा. त्यानं तोंडातला गुटखा बाजूला थुंकला, तिच्या चपलेपासून वीतभर अंतरावर, आणि म्हणाला, "नादारी कशाला? सगळं बायकोच्या नावावर करा आणि झोपा." सगळं म्हणजे काय, तर एक मिक्सर आणि दोन कपाटं. दुसऱ्याच्या चेंबरमध्ये एसी होता, सोफा होता, भिंतीवर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो होते. तो म्हणाला, "होऊन जाईल, ताई. अर्धे आज ठेवून जा." त्यानं सांगितलेला आकडा ऐकून सुलक्षणाला वाटलं, हा केस लढणार आहे की कारखाना विकत घेणार आहे! तिसऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं, की हे जिल्ह्यात होतच नाही, मुंबईला जावं लागतं, आणि मुंबईचा एक वकील माझ्या ओळखीचा आहे. त्या ओळखीचेही पैसे वेगळे. सुलक्षणा घरी येऊन नळाखाली पाय धुवायची आणि तरी तिला वाटायचं, कोर्टाची घाण काही पायावरून जात नाही.

मग भेटल्या वृषालीताई. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, लाकडी जिना, दोन खुर्च्या. त्यांनी आधी कागद वाचले. सगळे. मधे एकदाही फोन उचलला नाही. मग म्हणाल्या, "इथंच होतं हे, जिल्हा न्यायालयात. मी याआधी केलंय. माझी फी लागेल, हप्त्यानं द्या, दर हप्त्याची पावती मिळेल." फीसुद्धा माणसात बसणारी. आणि सुलक्षणा उठताना त्यांनी बजावलं, "एक सांभाळा. अर्जाचा निकाल लागेपर्यंत साधं राहायचं. वाढदिवस नाही, जेवणावळ नाही, लग्नातला आहेरही हात आखडून. समोरचा माणूस तेच शोधत असतो."

सुलक्षणा हलक्या पायानं घरी आली. आणि घरी तिची सासू भिकुबाई बसलेली होती.

"वकील बाईच शे का? नाव काय तिनं?" भिकुबाईनं विचारलं. सुलक्षणानं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आडनाव ऐकल्यावर म्हातारीनं ओठ असे वाकडे केले, जणू दुधात माशी पडली. बोलायची गरजच नव्हती. ते वाकडे ओठ पाहून सुलक्षणाला जी किळस आली ती कोर्टातल्या थुंकीचीही आली नव्हती. घरात उद्याच्या भाजीची भ्रांत, आणि यांना वकिलाची जात बघायची हौस!

मग भिकुबाईनं खरा पत्ता काढला. "आपला पाव्हना वकील शे ना धुळ्याले! घरना माणूस सोडीसन बाहेरनास्ले कसाले पैसा देवाना? आख्खा गावले माहीत पडी जाई."

पाव्हना म्हणजे जितेंद्र. भूपेंद्रच्या धाकट्या बहिणीचा, पुनमचा नवरा. घरचा जावई. आणि खान्देशात जावई म्हणजे काय हे काय सांगायचं? तो आला की पाट, तो उठला की टॉवेल, तो बोलला की सगळ्यांनी मान हलवायची. त्याला "तुम्हाला हे काम येतं का हो?" असं विचारणं म्हणजे पुनमच्या संसारावर धोंडा टाकणं.

"त्यांनी कधी नादारीचं काम केलंय का?" सुलक्षणानं नवऱ्याला विचारलं.

"वकीलच आहेत ना," भूपेंद्र म्हणाला. "आणि आपण दुसरीकडे गेलो तर पुनमला काय वाटेल?"

तुला तुरुंगात घातलं तर मला काय वाटेल, हे विचारणारं त्या घरात कुणी नव्हतं.

जितेंद्र रविवारी आला. पांढरी गाडी, मनगटावर लखलखीत घड्याळ. जेवला. चांगला जेवला. सुलक्षणानं फीचा विषय काढताच त्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले. "वहिनी, फीचं नाव काढलंत तर ताटावरून उठून जाईन हं! घरच्या कामाची कुणी फी घेतं का?" भिकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. भूपेंद्रनं वकीलपत्रावर तिथल्या तिथे सही केली. आधी उष्टी बोटं पुसायला सुलक्षणाकडून फडकं मागून घेतलं.

वरण-भात झाल्यावर पाव्हण्यांनी सुपारी कातरत हळूच सांगितलं, "फक्त एक आहे. माझं वजन धुळ्यात. इथल्या वकिलांच्या बारमध्ये चार माणसं आपली हवीत. थंडीही मस्त पडलीय. शेतात एखादं भरीत होऊन जाऊ द्या. इथले काही मित्र, तिकडचे काही. लोटनभाऊंचा मळा आहेच ना धरणगावला."

सुलक्षणा दारात उभी होती. तिनं न राहवून म्हटलं, "पण आत्ता अशी जेवणावळ घातली तर कोर्टात..."

"अहो वहिनी!" जितेंद्र हसला. "भरीत म्हणजे काय खर्च का? वांगं ते! वांग्यानं कुणी श्रीमंत ठरतं का?" भूपेंद्र हसला. भिकुबाई हसली. जावयाच्या विनोदाला हसायचंच असतं.

वांगं ते! पण वांगी पाव्हण्यांना फैजपूरकडचीच हवी होती, ती भली मोठी, पांढरट हिरवी, तेल पिणारी. धरणगावच्या बाजारातली चालणार नव्हती. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या हव्या होत्या आणि गव्हाच्याही हव्या होत्या, कारण कुणाला कळणं चालत नाही. शेंगदाणे, तेल, कोथिंबीर, दही, जिलेबी. आणि मंडळी आल्यावर "थोडं बसायला लागतं" त्याची सोय. सुलक्षणानं बायकांच्या भिशीतून पैसे उचलले. उचलताना तिच्या मनात सरळ हिशेब झाला, की यात वृषालीताईंचे पहिले दोन हप्ते निघाले असते. फी न घेणारा वकील फी घेणारीपेक्षा महाग पडत होता, आणि हे घरात एकालाही दिसत नव्हतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात तो हाच प्रकार.

लोटन हा भूपेंद्रचा चुलतभाऊ. भला माणूस. त्यानं कपाशीच्या काट्या रचून ठेवल्या, बाजा टाकल्या, विहिरीचं पाणी भरून ठेवलं. संध्याकाळी गाड्या आल्या. दहा-बारा जणांची पंगत धरली होती, उतरले वीसच्या वर. बुटांनी हरभरा तुडवत आले. एकानं बांधावर उभं राहून जे करायचं ते बायकांच्या देखतच केलं. सुलक्षणा आणि लोटनची बायको धुरात बसून पुऱ्या तळत होत्या, त्यांनी मान फिरवली.

भूपेंद्र भट्टीपाशी घामाघूम झाला होता. वांगी काट्यांवर भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचायची, तेलात कांद्याची पात परतून वरून ओतायची. फोरमनची बोटं भाजून लाल झाली होती. आणि साहेब मंडळी बाजेवरून ओरडत होती, "भाऊ, तेल कमी पडलं!" "भाऊ, गरम पुरी आण!" कुणी विचारलंच, "जितू, कोणाची केस आहे रे ही?" तर जितेंद्र म्हणाला, "सोड ना, आज कामाचं बोलू नका."

त्यात एक होता गोरा, टक्कल पडलेला, बोलघेवडा. धुळ्याहून जितेंद्रच्याच गाडीतून आलेला. त्यानं चार वेळा भरीत मागून घेतलं. बोटं चाटली, थेट मनगटापर्यंत. मग भूपेंद्रच्या खांद्यावर तेलकट हात ठेवून म्हणाला, "भाऊ, काय हात आहे तुमचा! वकिली सोडून तुमच्याकडे जेवायला यावंसं वाटतं." भूपेंद्र कृतकृत्य झाला. जितेंद्रनं त्याला मोठा डाव हातात घेऊन उभं केलं, मागे पातेली, पुढे ताटं पसरलेली मंडळी. "इकडे बघा भाऊ, हसा जरा." फोटो काढला आणि तिथल्या तिथे आपल्या स्टेटसला टाकला. आमच्या मेहुण्यांचा मळा, भरीत पार्टी, दिलदार माणूस. मळा मेहुण्यांचा नव्हता, लोटनचा होता. पण स्टेटसवर कोण सातबारा बघतो?

निघताना पाव्हण्यांनी पुनमसाठी मोठा डबा भरून घेतला. लोटनच्या बायकोला भरीत उरलं नाही. तिनं पुरी चहात बुडवून खाल्ली.

तारीख लागली ती संक्रांतीनंतर. सुलक्षणा नवऱ्याबरोबर गेली. भूपेंद्रनं कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, दुपारच्या पाळीला परत येतो असं सांगून. अर्ज पुकारला गेला. जितेंद्र उठला, घसा साफ केला, अर्जात लिहिलेलं तेच वाचून दाखवलं आणि बसला. मग समोरच्या बाकावरून व्यापाऱ्याचा वकील उठला. तोच तो टकल्या! ऍडव्होकेट प्रेमराज. नोटिशीवर ते नाव तिनं कितीदा वाचलं होतं, पण शेतात सगळे साहेबच होते, नाव कुणी सांगितलंच नव्हतं. जितेंद्रला तर सगळं माहीत होतं. आपल्याच गाडीत घालून आणलं होतं त्यानं!

"साहेब," प्रेमराज म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका दुःखी होता की वाटावं घरात कुणी गेलंय, "अर्जदार म्हणतात त्यांच्याकडे काही उरलं नाही. माझा पक्षकार आपल्या पैशांसाठी वणवण फिरतोय. आणि हे महाशय मळ्यात शाही पार्ट्या देतात." त्यानं मोठा रंगीत फोटो पुढे केला. भूपेंद्र, हातात डाव, तोंडभर हसू. मागे पातेली. पुढे ताटं धरलेले नुसते हात. ज्यांचे हात होते त्यांची तोंडं नीट कापून टाकलेली. खाली पाव्हण्यांनी लिहिलेली तीच ओळ, मेहुण्यांचा मळा. "मळा कुठं आहे, साहेब, अर्जात? मालमत्तेत मळा दाखवलेला नाही."

न्यायाधीशांनी फोटो पाहिला. मग जितेंद्रकडे पाहिलं. "वकीलसाहेब, हे काय आहे?"

आता बोलेल, सुलक्षणाला वाटलं. आता म्हणेल, साहेब, ती पार्टी मीच मागितली होती, मळा चुलतभावाचा आहे, आणि समोरच्या वकीलसाहेबांनी चार वेळा वाढून घेतलं. एवढं बोलला तरी पुरे.

जितेंद्र उठला. मनगटावरचं घड्याळ सारखं केलं. "साहेब, माझ्या अशिलानं मला याची कल्पना दिली नव्हती."

सुलक्षणानं पदर तोंडावर दाबला. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथं खाणाऱ्याला काहीच खवखवत नव्हतं, खवखवत होतं ते तळणाऱ्याला. ती उठून उभी राहिली. "साहेब, हे खोटं आहे. ती पार्टी..."

"आपण कोण? अर्जदार आहात का?"

"त्यांची बायको."

"अर्जदारांना बोलू द्या." न्यायाधीश भूपेंद्रकडे वळले, आणि आवाज कडक नव्हता, चांगला होता. "तुम्ही सांगा. ही जेवणावळ कुणाची होती? कुणी सांगितलं म्हणून केली का? निर्भयपणे सांगा."

विचारलं होतं हो! माणसानं माणसाला विचारावं तसं विचारलं होतं. भूपेंद्रनं एकदा जितेंद्रकडे पाहिलं. जितेंद्र कागद चाळत होता. सुलक्षणाला नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून सगळं कळलं. त्याच्या डोळ्यांपुढे ना तुरुंग होता, ना कारखाना, ना ती. पुनम होती, सासरहून परत धाडलेली.

"माझीच होती, साहेब," तो म्हणाला. "हौस म्हणून केली."

"आणि मळा?"

भूपेंद्र गप्प राहिला. मळा माझा नाही म्हटलं असतं तर पाव्हण्यांचं स्टेटस खोटं पडलं असतं.

संरक्षण नाकारलं. खालच्या मजल्यावर व्यापाऱ्याचं वसुलीचं प्रकरण त्याच दिवशी लागलेलं होतं. तिथं तर विचारणारंही कुणी नव्हतं. जेवणाच्या सुट्टीआधी वॉरंट निघालं, आणि बेलीफ जिन्यापाशी येऊन उभा राहिला. भूपेंद्रनं मोबाइल आणि पाकीट काढून सुलक्षणाच्या हातात दिलं. "मालकांना फोन कर," एवढंच म्हणाला. मालक काय म्हणणार हे दोघांनाही माहीत होतं.

तेवढ्यात प्रेमराज जिना उतरत आला. सोबत जितेंद्र, दोघं बोलत. आता पुन्हा तो शेतातलाच आवाज. "भाऊ, मनाला लावून घेऊ नका. हा आमचा धंदा. आणि जेवणाची तर मुळीच काळजी करू नका. दिवाणी तुरुंगात माणूस घातला की त्याच्या जेवणाचा खर्च घालणाऱ्यानं भरायचा, कायदा आहे. आत्ताच भरून आलो." मग भूपेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच खांद्यावर. "तुमचं भरीत खाल्लं होतं. घ्या, फेड झाली!"

जितेंद्र खदाखदा हसला. हसताना त्यानं प्रेमराजच्या हातावर टाळी दिली.

आणि भूपेंद्रही हसला. बेलीफानं कोपराला धरलेलं असताना, मान थोडी खाली घालून, घरी पाव्हणे विनोद करतात तेव्हा हसतो तसाच हसला. सुलक्षणानं ते पाहिलं. आतापर्यंत तिला वकिलांचा वीट आला होता, कोर्टाचा आला होता, सासूच्या वाकड्या ओठांचा आला होता. नवऱ्याची मात्र दया येत होती. ती दया त्या हसण्याबरोबर संपली.

तिनं पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि जितेंद्रसमोर धरला. "पाव्हणे, यावर लिहून द्या. दुसरा वकील लावायला तुमची हरकत नाही म्हणून."

"वहिनी, रागात आहात तुम्ही," जितेंद्र आवाज खाली आणून म्हणाला. इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकतंय का. "आपण अपील करू ना. मी आहे ना घरचा. घरात वकील असताना बाहेर गेलात तर लोक काय म्हणतील? आणि बाहेरचा काय फुकट करणार आहे का?"

"नाही करणार," सुलक्षणा म्हणाली. "म्हणूनच पाहिजे. करा सही."

"अगं सुलक्षणा," मागून भूपेंद्र कळवळून म्हणाला, "पाव्हणे आहेत ते. असं चारचौघांत..."

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "तुम्ही जा आत," ती म्हणाली. "तुमच्या जेवणाची सोय झालीय. माझी मला बघू द्या."

बेलीफ त्याला घेऊन निघाला. तिनं कागद तसाच धरून ठेवला, जितेंद्रनं खिशातून पेन काढेपर्यंत.